पडद्यावरचं ऊन

दोंडाईच्याला मिरचीच्या एका पेढीवर मी कॉम्प्युटर चालवायला लागले, तेव्हा मला तेविसावं वर्ष चालू होतं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. धुळ्याला वर्षभर एसटीनं जाऊन-येऊन मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. गावात कॉम्प्युटर असलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे पेढीच्या शेठनी विचारलं तेव्हा घरात कुणी आढेवेढे घेतले नाहीत.

पहिला आठवडा मी नुसती शिंकत होते. गोदामात छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या, आणि एक पोतं हललं तरी सगळ्यांना ठसका. कॉम्प्युटरला ही धूळ लागू नये म्हणून शेठनी गोदामाच्या मधोमध एक खोली बांधून घेतली होती. तिला खिडकी नव्हती. दाराला फटीत रबराची पट्टी मारलेली. वर छत मात्र गोदामाचंच, पत्र्याचं. आत एक ट्यूबलाइट, एक पंखा, कॉम्प्युटर, टेलिफोन आणि मी. पत्रं टाइप करायची, पोत्यांना लावायच्या चिठ्ठ्या छापायच्या, कुठला ट्रक कुठे निघाला त्याच्या याद्या करायच्या. सकाळी दहाला आत शिरले की बाहेर ऊन आहे की ढग, काही कळायचं नाही.

आणि सगळा धंदा तर उन्हावर. दिवाळीनंतर ओली लाल मिरची गावात यायला लागते. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर ती पसरून वाळवायची. त्या माळाला आमच्याकडे पथारी म्हणतात. पेढीची पथारी गावापासून पश्चिमेला तीन किलोमीटरवर होती. तिथे चाळीस-पंचेचाळीस बाया कामाला असत. सकाळी दव गेलं की मिरची उघडी करायची, दुपारी दाताळ्यानं पालटायची, संध्याकाळी ढीग करून ताडपत्री ओढायची. वाळत आलेल्या मिरचीवर पाऊस पडला की ती डागाळते, बुरशी धरते, आणि मग तिला कुणी विचारत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे पाऊस नसतोच म्हणा. पण एखाद्या वर्षी पौषात एकदा असा येतो की सगळ्यांची धावपळ होते.

आता आबांबद्दल. आबा म्हणजे माझे वडील. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, भिंगं पुसणं, मास्तरांनी मागायच्या आत वस्तू टेबलावर ठेवणं, हे त्यांचं काम. स्वतः नववीपर्यंत शिकलेले, पण कुठलं यंत्र कसं बोलतं ते त्यांना मास्तरांपेक्षा जास्त कळायचं. ते रिटायर झाले आणि सहा महिन्यांत त्यांना हार्ट अटॅक आला. धुळ्याला नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, ओझं उचलायचं नाही, दगदग करायची नाही, आणि सायकल बंद.

सायकल बंद, हे त्यांना फार लागलं. एकतीस वर्षं शाळेत ते सायकलवरच गेले होते. घरी आल्यावर ती त्यांनी ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली, पण रोज पुसायचे आणि चाकात हवा भरायचे. आई ओरडायची. आबा म्हणायचे, "चालवू नका म्हणाले डॉक्टर. हवा भरू नका असं कुठे म्हणाले?"

एरवी मात्र ते गप्प झाले होते. खुर्चीत बसून राहायचे. जेवायला हाक मारली की उठायचे. माझा थोरला भाऊ नोकरीनिमित्त पाचोऱ्याला होता. तो महिन्यातून एकदा यायचा तेव्हा जरा बोलायचे, आणि तो गेला की पुन्हा तेच.

शाळेनं निरोपाच्या वेळी त्यांना एक मोडकं यंत्र दिलं होतं. हवेचा दाब दाखवणारं, भिंतीवरच्या घड्याळासारखं गोल. काटा अडकलेला म्हणून शाळेनं ते टाकायलाच काढलेलं. एका दुपारी मी घरी आले तर आबांनी ते उघडून ओट्यावर मांडलं होतं. आठवड्याभरात काटा फिरायला लागला. मग त्यांनी माझ्याकडून धुळ्याहून दोन थर्मामीटर मागवले. एकाच्या टोकाला मलमलीची चिंधी बांधून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. हा ओला, तो कोरडा. दोघांत जितका कमी फरक, तितकी हवेत ओल जास्त. मागच्या अंगणात बांबूला कापडाची पट्टी लावली, वाऱ्याची दिशा कळायला. आणि वहीत आकडे लिहायला सुरुवात केली. आकाशाचे ते मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगानं भरले ते लिहायचे.

रात्री जेवताना ते मला हे आकडे सांगायचे. मी नुसती हं म्हणायची. मग एक दिवस मनात आलं की हे आकडे कुणाच्या तरी कामाला आले पाहिजेत. मी म्हटलं, "आबा, मला ऑफिसात बसून बाहेरचं काही दिसत नाही. तुम्ही फोन करून सांगाल का?"

त्यांनी लगेच विचारलं, "किती वाजता?"

असं ठरलं. घरी फोन नव्हता. कोपऱ्यावर एसटीडी-पीसीओ होता, घरापासून पन्नास पावलांवर. सकाळचे आकडे मी चिठ्ठीवर घेऊन जायचे आणि अकरा, एक आणि तीन वाजता आबांचा फोन यायचा. "कोरडा सव्वीस, ओला सतरा, वारा पूर्वेचा, ढग शून्य." नमस्कार नाही, कशी आहेस नाही. आकडे सांगितले की फोन ठेवायचे.

दुपारच्या सुट्टीत मी त्या आकड्यांचं काहीतरी करू लागले. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आकडे टाइप करून एंटर दाबलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसं चित्र यायचं. मी दुसरं कुठलंही काम करत असले तरी ते तिथे दिसत राहायचं. ढग कमी असले तर सूर्य. निम्मे असले तर ढगामागे सूर्य. सगळं भरून आलं असेल तर नुसता ढग. पाऊस असेल तर ढगाखाली थेंब. आणि सकाळी ओला-कोरडा जवळजवळ सारखे असले तर दवाचं चित्र, गवताच्या पात्यावर एक टिपका. असं एक-एक चित्र म्हणजे बत्तीस आडवे, बत्तीस उभे चौकोन. मी ती आधी आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढली आणि मग एक-एक चौकोन बघून कॉम्प्युटरवर भरली.

हे खरं तर माझ्या करमणुकीसाठी होतं. पण एके दिवशी आमचे मुकादम आत आले. पथारीचं सगळं तेच पाहायचे. बाया केव्हा लावायच्या, मिरची केव्हा उघडायची, सगळं त्यांच्या शब्दावर. पन्नाशीचे, अंगानं दणकट, आणि अक्षरओळख नसलेले. ते शेठच्या निरोपासाठी थांबले होते. त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"ही भाकर कसली?" त्यांनी विचारलं.

"भाकर नाही भाऊ, सूर्य आहे."

"मग किरणं कुठेत?"

मी दुसऱ्या दिवशी सूर्याला किरणं काढली. मग त्यांना सगळी चित्रं दाखवली आणि आबा फोनवर आकडे कसे सांगतात तेही सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर ते रोज दोनदा यायला लागले. गावात त्यांची काही ना काही कामं असायचीच, पण आधी दारातून डोकं आत घालून कोपऱ्यात बघायचे. सकाळी दवाचं चित्र असलं तर म्हणायचे, "आज तासभर उशिरा उघडू." पुढे शेठही आत येऊन बघून जायला लागले. लोक त्याला 'ताईचं ऊन' म्हणायला लागले. मला त्याचा अभिमान वाटायचा. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ऊन तुझं कसं? आकडे माझे आहेत." पण त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. आईनं माझ्याकडे बघितलं.

दोन महिने सगळं नीट चाललं. मग पौषातला तो दिवस आला.

सकाळी आकाश स्वच्छ होतं. अकराला आबांचा फोन आला. "ढग एक." मी आकडे भरले, सूर्य आला. त्या दिवशी तीन ट्रक भरायचे होते आणि चिठ्ठ्यांचा कागद प्रिंटरमध्ये सारखा अडकत होता. डबासुद्धा मी खोलीतच खाल्ला. एक वाजून गेला. फोन वाजला नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. नंतर कळलं की रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी केबल तुटली होती आणि अर्ध्या गावाचे फोन बंद पडले होते.

दीडच्या सुमारास मुकादम आले. त्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. शेजारच्या गावी त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता. जावं की नाही, असं त्यांच्या मनात चाललं होतं. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "पश्चिमेला जरासं आल्यासारखं वाटतंय. काय म्हणतंय तुमचं?"

मी प्रिंटरमध्ये डोकं घालून होते. कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ऊन आहे भाऊ."

त्यांनीही बघितलं. सूर्य होता, किरणांसकट. "मग जाऊन येतो," ते म्हणाले. जाताना पथारीवर निरोप ठेवून गेले की आजचा माल चांगला कडक होऊ द्या, मी येईपर्यंत झाकू नका.

तीन वाजायला आले असतील. वर पत्र्यावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आधी वाटलं, कबुतरं. मग पुन्हा आला, मग सगळीकडून यायला लागला. मी मान वर करून ऐकत राहिले, आणि मग पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यात सूर्य होता.

मी फोन उचलला. त्यात काहीच नव्हतं, नुसती शांतता. तेव्हा मला उमगलं की एकचा फोन आलाच नव्हता. आणि मग दुसरी गोष्ट उमगली. एक वाजता फोन बंद आहे असं पाहून आबा पायी निघून आले असते. ऑफिस घरापासून दीड किलोमीटर. दोनपर्यंत पोचले असते. ते आले नव्हते. दोन महिन्यांत त्यांनी एकदाही वेळ चुकवली नव्हती.

मी बाहेर पळाले. शेठ गोदामाच्या दारात उभे होते, बाहेरच्या पावसाकडे बघत. मी त्यांना सांगितलं, "शेठ, माझं चित्र चुकलं. मुकादमभाऊ ते बघून गेले. आणि आबांचा पत्ता नाही." हे सगळं एका दमात. शेठनी लगेच खिशात हात घातला. जीपची किल्ली काढली आणि म्हणाले, "बस."

आधी घरी गेलो. आई ओसरीत उभी होती. ओसरीची भिंत रिकामी दिसली, म्हणजे सायकल नव्हती.

"कधी गेले?" मी विचारलं.

"सव्वा वाजता," आई म्हणाली. "फोन लागत नाही म्हणून घरी आले, ते गोल यंत्र बघितलं, आणि सायकल काढली. मी वाटेत आडवी आले तर म्हणाले, येतो. कुठे जातोय ते सांगितलंच नाही. मला वाटलं तुझ्याकडेच आले."

आईला घेऊन जावं की नाही, हे ठरवायला वेळ नव्हता. मी तिला म्हटलं, "मी घेऊन येते त्यांना." आणि जीपमध्ये बसले. यंत्र बघून सायकल काढली, म्हणजे आबा पथारीकडेच गेले असणार.

पथारीच्या रस्त्यावर शेठ हळू चालवत होते. पाऊस समोरून, पश्चिमेकडून येत होता आणि काचेवर आपटत होता. मी रस्त्याच्या दोन्ही कडांना बघत होते. कुठे सायकल पडलेली दिसते का, कुणी झाडाखाली बसलंय का. एका बाभळीखाली काहीतरी दिसलं म्हणून मी ओरडले. शेठनी ब्रेक मारला. कुणाची तरी फाटकी गोणी होती. शेठ म्हणाले, "ताई, ते शहाणे माणूस आहेत." सव्वा वाजता ही हवा सुरू झाली असेल, तर तीन किलोमीटर त्यांनी सबंध समोरच्या वाऱ्यावर पायडल मारलं असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वळण घेतल्यावर पथारी दिसली. रोज लांबून ती लाल दिसते. त्या दिवशी लाल काहीच दिसलं नाही. निळ्या आणि काळ्या ताडपत्र्यांचे ढीग होते, एकामागे एक, कडांना दगड ठेवलेले, आणि त्यांवरून पाणी ओघळत होतं. फक्त पार टोकाला पसरलेल्या मिरचीचा एक वाफा उघडा राहिला होता, भिजलेला.

शेडच्या दारात सायकल उभी होती. मी जीप थांबायच्या आत उतरले.

आत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि मध्ये चूल पेटलेली होती. तिच्याशेजारी, एका पोत्यावर, अंगाभोवती गोणपाट गुंडाळून आबा बसले होते. हातात चहाची कपबशी. केस ओले. चेहरा फिका नव्हता. मला बघून ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "दाब सकाळपेक्षा बराच खाली आला होता. फोन लागेना, म्हणून थेट इकडेच आलो."

मी त्यांच्या पुढ्यात मातीतच बसले. त्यांचा हात धरला. तो ऊबदार होता. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही.

बायांची जी म्होरकी होती तिला सगळे अक्का म्हणायचे. साठीची, काटक. ती माझ्या पाठीवर हात फिरवत अहिराणीत म्हणाली, "रडू नको बाई. तुना बाप आठेच शे. काय व्हयनं नही त्याले."

मग हळूहळू सगळं कळलं. आबा दोनच्या सुमारास तिथे पोचले होते, मुकादम निरोप ठेवून पुढे गेल्यावर थोड्याच वेळात. मध्ये दोनदा उतरून, सायकल हातात धरून चालले होते. तोपर्यंत आकाशात तसं फार काही नव्हतं, नुसतं पांढरट झालं होतं. त्यांनी अक्काला सांगितलं की पाऊस येतोय, माल झाका. अक्का ऐकेना. मुकादम सांगून गेलेत, ऑफिसात ऊन आहे, तुम्ही कोण? मुकादम परत आले आणि माल झाकलेला दिसला तर बोलणी तिलाच बसणार होती.

"मग तुम्ही काय केलंत?" शेठनी आबांना विचारलं.

आबांच्या आधी अक्काच बोलली. "त्यानी माले सांगं, अक्का, एक मिरची उचल आन् कानजोडे हालाव."

वाळलेली मिरची हलवली की आत बी वाजतं. सकाळी त्या वाफ्यातली मिरची खुळखुळ्यासारखी वाजत होती. अक्कानं उचलली ती वाजली नाही. बोटांत मऊ लागली. तिनं दुसरी उचलली, तिसरी उचलली. हवेतली ओल मिरचीनं आधीच ओढून घेतली होती. अक्का तीस वर्षं मिरचीत होती. तिनं हातातली मिरची टाकली. पदर खोचला आणि हाक दिली, "पानी येई ऱ्हायनं. बठ्ठी मिरची गोया करा."

तासाभरात चाळीस बायांनी माळावरची जवळजवळ सगळी मिरची गोळा करून झाकली. आबांना त्यांनी हात लावू दिला नाही. आबा बांधावर उभे राहून वारा बघत होते आणि कुठल्या बाजूनं आधी झाकायचं तेवढं सांगत होते. शेवटचा एक वाफा राहिला तेव्हा थेंब सुरू झाले.

शेठ शेडच्या दारातून त्या ढिगांकडे बघत होते. मग ते अक्काकडे वळून म्हणाले, "अक्का, मुकादमांना मी सांगेन. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही." आबांसमोर ते नुसते हात जोडून उभे राहिले. आबा अवघडले. म्हणाले, "पोरीच्या यंत्रामुळे घोटाळा झाला ना, तेवढा निस्तरला."

"यंत्रामुळे नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे. मी त्यात सूर्य दाखवत ठेवला."

आबांनी कपबशी खाली ठेवली. "मी अकरा वाजता ऊन सांगितलं होतं. अकराला ऊनच होतं. तुझा सूर्य अकराचा होता, एवढंच. ते त्या मुकादमाला कसं कळणार? ते त्याला कळेल असं कर."

परत येताना आबांना जीपमध्ये पुढे बसवलं. सायकल मागे टाकली. आई ओसरीतच उभी होती. आबा उतरल्यावर ती लगबगीनं आत गेली. टॉवेल आणला, त्यांचं डोकं जोरजोरात पुसलं, आणि मग आत जाऊन मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं बराच वेळ थांबली.

रात्री त्यांना कणकण आली आणि तीन दिवस ताप राहिला. चौथ्या दिवशी मी आणि भाऊ त्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. भाऊ पाचोऱ्याहून मुद्दाम आला होता आणि वाटेत सबंध वेळ त्यांना रागावत होता. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. लांब कागद हातात धरून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून बघितला. मग त्यांनी विचारलं, "किती किलोमीटर म्हणालात?"

"तीन," आबा म्हणाले. "वारा समोरून होता."

"छातीत दुखलं?"

"नाही. मांड्या दुखल्या."

डॉक्टर हसले. म्हणाले, "हे केलंत ते चूकच. पुन्हा करू नका. पण हृदय तुमचं मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं दिसतंय. ताप नुसता सर्दीचा आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "सपाट रस्त्यावर, वारा नसताना, सावकाश. दिवसातून अर्धा तास. जमेल?"

आबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर भावानं बसस्टँडवर आम्हा दोघांना उसाचा रस पाजला. त्याचं रागावणं संपलं होतं. मला आठवतं, तो रस पिताना माझ्या खांद्यांतली कळ गेली. चार दिवस मी खांदे आवळून बसले होते हे तेव्हा कळलं.

मुकादम साखरपुड्याहून त्याच संध्याकाळी धावत आले होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मीही वर बघितलं होतं ना. वर ढग दिसला, आणि तुमच्याकडे बघून मी त्याला नाही म्हटलं." त्यांना स्वतःचाच राग आला होता. अक्काकडे जाऊन त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर पथारीवर झाकायचं-उघडायचं ते दोघं मिळून ठरवायला लागले.

ऑफिसात परतल्यावर मी आधी प्रोग्रॅम उघडला. त्यात वेळेचा विचारच केलेला नव्हता. शेवटचे आकडे कधी भरले, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दिलेला सूर्य तो वर्षभरसुद्धा दाखवत बसला असता. मी दोन गोष्टी केल्या. चित्राखाली एक लहान घड्याळ काढलं, आकडे किती वाजताचे ते दाखवायला. मुकादमांना आकडे वाचता येत नव्हते, पण घड्याळाचे काटे कळायचे. आणि आकडे येऊन अडीच तास झाले की चित्र आपोआप पुसलं जाऊन तिथे नुसता रिकामा चौकोन येईल असं केलं. ते करायला मला एक दुपार लागली. आधी का सुचलं नाही, याचं मला फार दिवस वाईट वाटत होतं.

पहिल्यांदा तो चौकोन दिसला तो एका सोमवारी. कोपऱ्यावरचा पीसीओवाला गावाला गेला होता आणि आबांना दुसरीकडे जायला वेळ लागला. मुकादम नेमके तेव्हाच आले. दारातून डोकं आत घालून बघितलं.

"आज काही काढलं नाही का?"

"काढलंय भाऊ. मला माहीत नाही, असं त्याचं म्हणणं आहे."

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "हे बरं केलंत," आणि आकाश बघायला बाहेर निघून गेले.

त्या हंगामात पुन्हा पाऊस झाला नाही. होळीच्या आधी शेवटचा ट्रक गेला. पुढच्या वर्षी शेठनी आमच्या घरी फोन घेऊन दिला, आबांसाठी. पुढची पाच वर्षं रोज तीनदा ते आकडे सांगत राहिले. त्याच काळात माझं लग्न ठरलं, मी जळगावला आले, आणि माझ्या जागी आलेल्या मुलीला सगळं शिकवून आले. आबांचं तिच्याशी माझ्यापेक्षा चांगलं जमलं. तिच्याशी बोलताना ते आकड्यांनंतर एक वाक्य जास्त बोलायचे. डबा खाल्लास का, असं विचारायचे. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "तुझा डबा तर संध्याकाळी रिकामाच घरी यायचा. तुला काय विचारायचं?"